यीस्टच्या सेंट्रोमिअरवर पहिलं कोण बसतं? (लाल फाकांचा घोळ, मदत हवीय)

लाल_फाक | सोमवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्येच एमएस्सी करतेय, कॉलेजचं नाव नको, आणि सध्या एका यीस्टच्या स्ट्रेनने (वाणाने) माझी झोप उडवलीय. आमच्या डीप फ्रीजरमध्ये आधीच्या बॅचने सोडून दिलेल्या वायल आहेत. एकीवर 'मूळ' असं स्वच्छ लिहिलंय आणि दुसरीवरचं मार्कर दव धरून पुसलं गेलंय, फक्त 'म्युटंट' एवढंच वाचता येतं. मॅडम म्हणाल्या, लाव प्लेटवर आणि शोध काय आहे ते, हाच तुझा प्रोजेक्ट. झालं.

तर कमी ॲडेनीनच्या प्लेटवर दोन्ही लावले. चौथ्या दिवशी बघते तर मूळवाल्याच्या कॉलनी साबुदाण्यासारख्या पांढऱ्या, आणि या बाईसाहेबांच्या कॉलनीत लाल फाका, म्हणजे कलिंगडाची फोड कशी असते तशी, टोक कॉलनीच्या मध्याकडे आणि कडेला जाताना रुंद होत गेलेली. एक कॉलनी तर सरळ अर्धी लाल अर्धी पांढरी, कोणीतरी पट्टी ठेवून रंगवल्यासारखी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या स्ट्रेनचा एडीई२ जीन बिघडलेला आहे, त्यामुळे पेशीत लाल रंग साठतो. पण तिला वरून एक छोटा जादा गुणसूत्राचा तुकडा दिलेला असतो, त्याच्यावर एसयूपी११ नावाचा जीन असतो जो ते बिघाड झाकून टाकतो, म्हणून कॉलनी पांढरी. विभाजनात तो तुकडा हरवला की त्या पेशीची पुढची सगळी पिल्लावळ लाल. अर्धी लाल म्हणजे पहिल्याच विभाजनात हरवला. १९९० च्या सुमारास याच युक्तीने गुणसूत्रं सांडणारे म्युटंट शोधले होते, त्यांनाच सीटीएफ म्हणतात.

म्हणजे माझ्या म्युटंटमध्ये गुणसूत्र ओढणाऱ्या यंत्रणेत, कायनेटोकोरमध्ये, काहीतरी सैल आहे. पण पुस्तकातल्या आकृतीत पन्नासच्या वर प्रोटीनची नावं आहेत आणि सगळे एकमेकांना धरून उभे, दहीहंडीच्या थरासारखे. सुरुवात कुठून करू? सगळ्यात खाली डीएनएला पहिलं कोण धरतं?

अंबडचा_फिटर | सोमवार, रात्री ११.५८

ताई, आपण लेथवाले माणसं पण धागा आवडला. सेंट्रोमिअर म्हणजे गुणसूत्राची कंबर ना, दहावीच्या पुस्तकात एक्सच्या मधोमध असायची ती?

लाल_फाक | मंगळवार, सकाळी ७.१०

हो दादा तीच. फक्त यीस्टचं गुणसूत्र इतकं लहान की तो एक्स साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतच नाही. त्या कंबरेवर जो प्रोटीनचा डोलारा उभा राहतो तो कायनेटोकोर, आणि त्याला मायक्रोट्युब्यूलचा दोर लागतो, दोर ओढतो, एक प्रत आईकडे एक मुलीकडे.

गंगापूररोड_मास्तर | मंगळवार, सकाळी ९.२५

छान प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहितो, शिकवायची सवय सुटत नाही.

१९८० साली लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन या दोघांनी यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा कापून गोल प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, बसवला. एरवी ते प्लास्मिड विभाजनात वाटेल तसं सांडायचं, हा तुकडा बसवल्यावर शहाण्यासारखं एक इकडे एक तिकडे जायला लागलं. सेंट्रोमिअर हाताला लागला तो असा. मग तो छाटत छाटत गेले तर काम करायला डीएनएची साधारण १२५ अक्षरं (ए, टी, जी, सी ही ती अक्षरं) पुरतात असं निघालं. अख्खा जीनोम १ कोटी २० लाख अक्षरांचा, गुणसूत्रं १६, आणि प्रत्येकावर असा एकच सव्वाशे अक्षरांचा ठिपका. म्हणूनच याला बिंदू सेंट्रोमिअर म्हणतात.

या ठिपक्याचे तीन भाग. सीडीई-१ फक्त ८ अक्षरांचा, त्यावर सीबीएफ१ नावाचं प्रोटीन बसतं. मधला सीडीई-२ ऐंशीच्या आसपास अक्षरांचा, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर नुसते ए आणि टी, तो माझ्या मते भराव. आणि सीडीई-३ साधारण २५ अक्षरांचा, खरी किल्ली तिथे आहे. त्याच्यात सी-सी-जी अशी तीन अक्षरं येतात, त्यातलं मधलं सी बदललं की सेंट्रोमिअर मेला. बाकीची १२४ अक्षरं जागच्या जागी असली तरी.

तर पहिलं कोण बसतं याचं उत्तर सीबीएफ३, हे सीडीई-३ वाचतं. नाव सीबीएफ१ सारखं वाटतं पण नातं काही नाही, गल्लत करू नकोस.

अंबडचा_फिटर | मंगळवार, दुपारी १.०५

मास्तर एका अक्षराने सगळं बंद? आमच्याकडे बोल्ट एक सूत कमी असला तरी दोन हातोडे मारून बसवतात 😄

वाइनरीची_यीस्टवाली | मंगळवार, रात्री ८.४०

मी पूर्वी बंगळुरूत यीस्टवर पीएचडी केली, आता दिंडोरीकडे एका वाइनरीत फर्मेंटेशन बघते, म्हणजे यीस्ट काही सुटला नाही. हंगामाची घाई नाहीये अजून म्हणून लिहिते.

फिटरदादा, हातोडा का चालत नाही ते सांगते. सीबीएफ३ हे एक प्रोटीन नाही, चौघांची टोळी आहे, सेप३, एनडीसी१०, सीटीएफ१३ आणि एसकेपी१. अक्षरं वाचणारा सेप३. त्याच्याकडे झिंक धरून ठेवलेला एक छोटा गठ्ठा असतो, तो डीएनएच्या खाचेत बोट घालून सी-सी-जी चाचपतो. २०१८ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने ही टोळी डीएनएवर बसलेली बघता आली, सेप३ ची जोडी असते पण सी-सी-जीला हात लावतं त्यातलं एकच. बाकीचे तिघं मग डीएनए कवेत घेतात. सी गेला की बोटाला खूण लागत नाही, टोळी येते आणि निघून जाते. अर्धवट बसणं हा प्रकार नाही.

आता मास्तर, तुमच्याशी भांडण. सीडीई-२ भराव नाही हो! अक्षरांचा क्रम १६ गुणसूत्रांवर वेगवेगळा आहे हे खरं, म्हणून भराव वाटतो. पण त्याची लांबी कमी केली किंवा ए-टीचं प्रमाण उतरवलं की गुणसूत्रं सांडायला लागतात. कारण खरी बैठक तिथेच आहे. बाकी सगळ्या गुणसूत्रावर डीएनए साध्या हिस्टोनच्या रिळावर गुंडाळलेला असतो, इथे मात्र एच३ या नेहमीच्या हिस्टोनच्या जागी सीएसई४ नावाचा खास हिस्टोन असलेलं रीळ, आणि यीस्टमध्ये तेही प्रत्येक सेंट्रोमिअरवर एकच. त्याला आणून बसवणारा हमाल म्हणजे एससीएम३, आणि हा हमाल एनडीसी१० ला ओळखतो. म्हणजे सीबीएफ३ बसलं, त्याने एससीएम३ ला बोलावलं, त्याने सीएसई४ ठेवलं. साधं रीळ एवढ्या ताठ ए-टीवाल्या डीएनएवर गुंडाळायला नाखूषच असतं, त्यामुळे जागा रिकामी मिळते.

सीएसई४ भलतीकडे जाऊन बसलं तर? पीएसएच१ नावाचं प्रोटीन त्याला युबिक्विटीनचा शिक्का मारतं आणि ते मोडीत निघतं.

गंगापूररोड_मास्तर | मंगळवार, रात्री ९.१५

भराव शब्द मागे घेतो. माझ्या नोट्स जुन्या आहेत, तेव्हा आम्ही तसंच शिकवायचो.

अंबडचा_फिटर | मंगळवार, रात्री ९.३०

आता समजलं. जिग-फिक्स्चर आहे हे. सीबीएफ३ म्हणजे डॉवेल पिन, होलमध्ये बसली तरच बसली, पाव मिलिमीटर चुकली तर बसणारच नाही. आणि सीएसई४ हे लोकेटर, पुढचा सगळा जॉब त्याच्यावर टेकतो. बरोबर का यीस्टवाल्या ताई?

वाइनरीची_यीस्टवाली | मंगळवार, रात्री ९.५२

एकदम. पुढचा जॉब असा, सीएसई४ च्या रिळाला मिफ२ आणि सीटीएफ१९ ची मंडळी धरतात, त्यांच्यावर एमटीडब्ल्यू१ चं चौघांचं कडबोळं, त्याच्यावर एनडीसी८० चे लांब दांडे, एकेक साधारण ५७ नॅनोमीटरचा. दांड्याची टोकं मायक्रोट्युब्यूलला धरतात आणि त्या मायक्रोट्युब्यूलभोवती डॅम१ ची बांगडी असते, मायक्रोट्युब्यूलचं टोक उलगडत मागे सरकलं की बांगडी सोबत ओढली जाते. एका कायनेटोकोरला एकच मायक्रोट्युब्यूल, हे बेकरीच्या यीस्टचं खास. २००६ मध्ये अजित जोगळेकर आणि सहकाऱ्यांनी चमकणारी प्रोटीनं वापरून एका कायनेटोकोरमागे कोण किती ते मोजलं होतं, एनडीसी८० चे सात-आठ दांडे निघाले. पेपरवर मराठी आडनाव बघून तेव्हा उगाच बरं वाटलं होतं.

आणि हे सगळं एकदाच बांधून होत नाही बरं का. डीएनएची प्रत काढताना सेंट्रोमिअरवरून यंत्रणा जाते तेव्हा दोर सुटतो आणि मिनिट-दोन मिनिटांत परत सगळं उभं. दर पिढीला.

निफाडचा_बागायतदार | बुधवार, सकाळी ६.२०

सगळा धागा वाचला, निम्मा डोक्यावरून गेला. पण मायक्रोट्युब्यूल शब्द ओळखीचा वाटला. आमच्याकडं द्राक्षावर करप्यासाठी कार्बेन्डाझिम मारायचो, एका कंपनीच्या नाही, सगळ्यांचंच सांगतो, तर कृषी महाविद्यालयातल्या एका साहेबांनी चर्चासत्रात सांगितलं होतं की ते बुरशीचा हाच दोर बनू देत नाही. गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला की मारलंच समजा. पुढंपुढं तीन-तीन फवारे मारून पण करपा हटंना, मग कळलं की बुरशीच बदलली. हे तुमच्या यीस्टला लागतं का?

वाइनरीची_यीस्टवाली | बुधवार, सकाळी ८.०५

भाऊ, तुम्ही थेट दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत! बेनोमिल माहीत असेल, पाण्यात गेलं की त्याचं कार्बेन्डाझिमच होतं. यीस्टच्या लॅबमध्ये बेनोमिल हेच रोजचं हत्यार आहे. दोर ज्या प्रोटीनचा बनतो त्या बीटा-ट्युब्युलिनला ते चिकटतं, दोर आखूड आणि कमजोर होतो. धडधाकट यीस्ट थोड्या डोसमध्ये निभावून नेतं, पण ज्याचं कायनेटोकोर आधीच सैल आहे ते मरतं. तुमची बुरशी बदलली ती बहुतेक वेळा त्याच बीटा-ट्युब्युलिनच्या जीनमध्ये एखादं अक्षर बदलून, १९८ व्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन ॲलानीन आलं की औषध चिकटतच नाही. एका अक्षराचा खेळ तिथेही.

अजून मजा सांगते. दोर लागेपर्यंत विभाजन थांबवून धरणारे जे पहारेकरी जीन आहेत त्यातल्या बब कुटुंबाचं नावच या औषधावरून आलंय. १९९१ मध्ये असे म्युटंट सापडले की औषध दिलं तरी थांबायचं सोडून कोंब काढत राहायचे, 'बेन्झिमिडाझोलला न जुमानता कोंब येणारे' याची आद्याक्षरं म्हणजे बब. कार्बेन्डाझिम याच बेन्झिमिडाझोल घराण्यातलं. त्याच वर्षी मॅड जीनही असेच मिळाले.

लाल_फाक, तू बेनोमिलच्या प्लेट ओत. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमपासून सुरू कर.

निफाडचा_बागायतदार | बुधवार, सकाळी ८.३०

म्हणजे आमच्या पंपातलंच तुमच्या प्लेटमध्ये. घरी सांगतो आता, मी पण शास्त्रज्ञच.

लाल_फाक | शनिवार, सायंकाळी ६.५०

अपडेट, आणि आधी माझा गाढवपणा. बेनोमिल डीएमएसओमध्ये विरघळवलं आणि मीडियम साठ-एक डिग्रीला आल्यावर एकदम ओतलं. सकाळी प्लेट उजेडात धरली तर आत सुयाच सुया, काचेची लोकर असते ना तशी. औषध बाहेर पडून बसलं होतं. बारा प्लेट फेकल्या. दुसऱ्यांदा मीडियम उकळतं गरम असताना थेंब थेंब, ढवळत ढवळत टाकलं तेव्हा स्वच्छ झाल्या.

निकाल असा की मूळवाला वाढला, माझा म्युटंट फारच केविलवाणा वाढला. पण पूर्ण मेला नाही. आणि एक विचित्र गोष्ट, इन्क्युबेटरमधल्या प्लेटपेक्षा बाकावर राहून गेलेल्या प्लेटवर जास्त हाल होते.

वाइनरीची_यीस्टवाली | शनिवार, रात्री ७.३०

विचित्र काही नाही, थंडीत मायक्रोट्युब्यूल आधीच डळमळीत असतात, त्यावर बेनोमिल जास्त चढतं. सध्याच्या नाशिकच्या रात्री बघता बाक म्हणजे फ्रीजच. पण पूर्ण मेला नाही हे महत्त्वाचं. सीबीएफ३ चे चारही जीन, सीएसई४, एससीएम३, मिफ२, यातला एकही काढून टाकला तर पेशी जगतच नाही. तुझा बिघाड एकतर त्यातल्या कोणाचा तरी अर्धवट बिघाड आहे, नाहीतर जो गेला तरी चालतो अशा कोणाचा.

सिडको_मिसळवाला | शनिवार, रात्री १०.१५

मी शीर्षकात यीस्ट वाचून पावाचा धागा समजून आलो होतो. आता उठवत नाहीये इथून. हेच बेकरीतलं यीस्ट का?

गंगापूररोड_मास्तर | शनिवार, रात्री १०.४०

हेच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव, वाइन आणि ही सगळी नोबेलवाली मंडळी एकाच बुरशीवर जगतात. माणसात आणि यीस्टमध्ये वरचा डोलारा बराच सारखा आहे, एनडीसी८० दोघांकडे, सीएसई४ ला माणसात सेन्प-ए म्हणतात. फरक तळाशी. माणसाकडे सी-सी-जी सारखी किल्ली नाही, १७१ अक्षरांची तुकडी लाखो अक्षरं पुन्हा पुन्हा येते.

वाइनरीची_यीस्टवाली | रविवार, सकाळी ११.२०

आणि तीही लागतेच असं नाही, माणसात कधीकधी भलत्याच जागी सेंट्रोमिअर तयार होतो आणि पिढ्यानुपिढ्या चालतो. कॅन्डिडा अल्बिकन्स नावाच्या दुसऱ्या यीस्टमध्ये कौस्तुव सन्याल आणि जॉन कार्बन यांनी २००४ मध्ये दाखवलं की आठही गुणसूत्रांवर तीन ते पाच हजार अक्षरांची जागा आहे पण क्रम एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. तिथे सीएसई४ आधी जिथे होतं तिथेच नवीन येतं, वतनदारी. बेकरीच्या यीस्टमध्ये मात्र पत्ता अक्षरांत लिहिलेला. २०१८ मध्ये सिॲटलला सू बिगिन्स यांच्या लॅबने चुंबकी मण्यांवर नुसता सेंट्रोमिअरचा डीएनए चिकटवला आणि यीस्टच्या रसात बुडवला, कायनेटोकोर आपोआप उभं राहिलं. सीडीई-३ बिघडवलेला डीएनए दिला तर नाही.

लाल_फाक | बुधवार, रात्री १२.०५

झोपले नाहीये कोणी तर ऐका. आज लॅबमध्ये मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) संपलं होतं, मी कंटाळून न घालताच मीडियम केलं, म्हटलं मूळवाल्याला कुठे लागतं. मूळवाला मस्त वाढला. म्युटंट शून्य! प्लेट कोरी करकरीत. मेथिओनिनचा आणि गुणसूत्र ओढण्याचा काय संबंध??

वाइनरीची_यीस्टवाली | बुधवार, सकाळी ६.४५

अगं सापडला! सीबीएफ१!!

सीडीई-१ वर बसणारा, मास्तरांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलेला. त्याचं दुहेरी काम आहे. सेंट्रोमिअरवर सीडीई-१ ला धरतो, आणि त्यातलीच सी-ए-सी-जी-टी-जी ही सहा अक्षरं मेथिओनिन बनवणाऱ्या जीनच्या दारात पण असतात, तिथे एमईटी४ नावाच्या प्रोटीनबरोबर बसून ते जीन चालू करतो. तो गेला की पेशी जगते, पण गुणसूत्रं दहापटीच्या आसपास जास्त सांडतात, बेनोमिलच्या घराण्यातली औषधं झेपत नाहीत, आणि मेथिओनिन आयतं द्यावं लागतं. तिन्ही खुणा तुझ्याकडे.

गंगापूररोड_मास्तर | बुधवार, सकाळी ९.१०

थांबा, उड्या मारू नका. लॅबमध्ये फिरणारे कितीतरी स्ट्रेन, उदाहरणार्थ बीवाय४७४१, मुळातच एमईटी१५ हा जीन नसलेले असतात, त्यांना मेथिओनिन लागतंच. चुकून दुसऱ्याच घराण्यातली वायल तर नाही ना ही? आधी म्युटंटच्या बाकीच्या गरजा, ल्युसीन, ट्रिप्टोफॅन, लायसीन, मूळवाल्याशी जुळतात का बघ. आणि सीबीएफ१ जीन परत दिल्यावर दोन्ही दुखणी बरी होतात का ते बघितल्याशिवाय मी मानणार नाही.

अंबडचा_फिटर | बुधवार, दुपारी १.२०

एक शंका. ती सहा अक्षरं जर इकडेतिकडे पण असतात तर मग तिथे कायनेटोकोर का उभं राहत नाही?

वाइनरीची_यीस्टवाली | बुधवार, रात्री ९.००

कारण सीबीएफ१ डॉवेल पिन नाहीये दादा, तुमची डॉवेल सीबीएफ३. सीबीएफ१ म्हणजे बाजूचा क्लॅम्प. नसला तर जॉब थोडा हलतो. नुसता क्लॅम्प कुठेही आवळला तर जॉब होत नाही.

मास्तरांचं बरोबर आहे, तपास व्हायलाच हवा.

लाल_फाक | पुढच्या महिन्यात, गुरुवार, रात्री १०.३०

उशीर झाला, प्लास्मिड यायलाच तीन आठवडे गेले, मॅडमच्या ओळखीने मिळालं. बाकीच्या गरजा मूळवाल्याशी जुळल्या, फरक फक्त मेथिओनिनचा. मग म्युटंटमध्ये एकीकडे सीबीएफ१ असलेलं प्लास्मिड घातलं, दुसरीकडे रिकामं. रिकामंवाल्यात फाका तशाच आणि मेथिओनिनशिवाय प्लेट कोरी. सीबीएफ१ वाल्याच्या कॉलनी सगळ्या साबुदाणा, दोनशे मोजल्या त्यात एक फाक, मेथिओनिनशिवाय पण गच्च वाढला, बेनोमिलवर मूळवाल्याच्या तोडीस तोड.

मॅडमनी एक गंमत दाखवली, ज्या प्लास्मिडवर मी सीबीएफ१ घातला ते पेशीत टिकतं कारण त्याच्यावरसुद्धा सहाव्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर बसवलेला आहे. म्हणजे माझं औषध ज्या गाडीतून आलं ती गाडी पण त्याच सव्वाशे अक्षरांवर चाललेली.

गंगापूररोड_मास्तर | गुरुवार, रात्री १०.५०

आता मानलं. अभिनंदन पोरी.

निफाडचा_बागायतदार | शुक्रवार, सकाळी ६.१०

वायलवर नाव लिहिलं का नीट?

लाल_फाक | शुक्रवार, सकाळी ७.३०

हो काका, पेन्सिलने लिहून वरून सेलोटेप लावलाय.

अंबडचा_फिटर | शुक्रवार, सकाळी ७.४४

सेलोटेप उणे ऐंशीला सुटणार. आमच्याकडे कोल्ड रूमचं लेबल आहे, रविवारी देऊन जातो, पत्ता कॉलेजच्या गेटचाच सांग.